लाल चिंध्यांची वाट

ज्योत्स्ना पगारेला त्या दिवशी पहिल्या चारांत यायचंच होतं. आदल्या रात्री जेवताजेवता बाबांनी निकालच लावून टाकला होता. "राज्याच्या संघात नाव लागलं तर खुशाल पळ. नाही लागलं तर बूट माळ्यावर आणि तू दहावीच्या क्लासला!" बाबा नाशिक रोडला प्रेसमध्ये होते, आणि एकदा छापलेलं ते खोडत नाहीत, असं आईच म्हणायची.

साल अठ्ठ्याण्णव, सप्टेंबर महिना. पेठ रोडच्या पलीकडे वनखात्याच्या राखीव डोंगरात मुलींची क्रॉसकंट्री होती. सकाळ चांगली वर आली होती, पण धुकं काही हलायचं नाव घेत नव्हतं. डोंगर कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते देवालाच ठाऊक.

"ऐका गं!" यादव सर ओरडले. "वाटेवर झाडांना लाल चिंध्या बांधल्यात. चिंधी दिसेल तिकडे जायचं, डोकं चालवायचं नाही. आणि पगारे..."

"मागे बघायचं नाही सर, माहितीये!"

"का?"

"मागे बघितलं की अर्धी शर्यत तिथेच गेली."

"शहाणी. गेल्या वर्षी हे शहाणपण कुठे चरायला गेलं होतं?"

सगळ्या हसल्या. गेल्या वर्षी अगदी रेषेजवळ ज्योत्स्नानं मान वळवली होती, आणि तेवढ्यात देवळ्याची स्नेहा तिला घासून पुढे निघून गेली होती. स्नेहा अनवाणी पळायची. कांद्याच्या वावरात घडलेले पाय, त्यांना ना काटा लागायचा ना खडा. आत्ताही ती शेजारीच उभी राहून ज्योत्स्नाच्या पायांकडे बघत होती.

"नवीन बूट वाटतं? मस्त आहेत."

"नीट बघून घे. पुढे तुला फक्त तळवे दिसणारेत."

"बघू की!"

शिट्टी वाजली आणि ज्योत्स्ना सुटली. काय पळत होती ती! चढावर भल्याभल्यांची दमछाक होते, पण तिचे पाय जणू दुसऱ्याच कुणाचे होते. सागाची झाडी मागे पडली, कारवी लागली. करवंदीच्या जाळ्यांनी दंड ओरबाडले, तिला पत्ताही नाही. एकेक चिंधी धुक्यातून पुढे यायची आणि मागे जायची. तिच्यापुढे आता कुणी नव्हतं. कुण्णीच नव्हतं!

एका ठिकाणी वाट दुभंगली. उजवीकडे नुसतं धुकं. डावीकडे चिंधी. डोकं न चालवता ती डावीकडे वळली.

थोड्या वेळानं मागून पावलं ऐकू आली.

चिखलात अनवाणी पाय पडतात ना, तशी. चप्, चप्, चप्. आली का ही बया, ज्योत्स्नाच्या मनात आलं. मान वळायला निघाली होती, तिनं दात आवळून सरळ ठेवली. वेग वाढवला. मागच्या पावलांनीही वाढवला. ती मुद्दाम हळू झाली, पावलंही हळू झाली. अंतर ना कमी होत होतं, ना जास्त.

"दम लागला असेल तर थांब हं, स्नेहा!" ती न बघताच ओरडली.

पावलं तशीच येत राहिली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की मागची धापाही टाकत नाहीये. आपला श्वास भात्यासारखा चाललाय आणि मागून फक्त पावलं येतायत. एवढ्या चढावर?

तेवढ्यात पुढची चिंधी तिच्या गालाला लागली. ओली, गार. त्या चिंधीवर पांढरी फुलं होती. आधीच्या चिंध्या तर साध्या लाल होत्या! त्यापुढच्या चिंधीला बटण होतं. त्याच्यापुढच्या झाडाला अख्खी बाही बांधली होती, फुग्याची, लहान मुलीच्या मापाची.

ज्योत्स्नाच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण पाय थांबेनात. थांबलं तर मागचीही थांबेल, आणि मग काय, हा विचार तिला करायचाच नव्हता.

झाडी अचानक संपली आणि पुढे एक पाडा आला. पाच-सहा घरं, कुडाची, सगळी दारं बंद. कोंबडं नाही, कुत्रं नाही, पोरांचा गलका नाही. फक्त टोकाच्या घराचं दार सताड उघडं होतं. दारात एक म्हातारा आणि एक बाई बसली होती. शेवटची चिंधी त्यांच्याच चौकटीला बांधलेली होती. तिला फ्रॉकची कॉलर होती.

ज्योत्स्ना अंगणात थांबली. मागची पावलंही थांबली, अगदी पाठीशी.

"काका, रस्ता चुकले वाटतं. शर्यतीचा रस्ता कुठंय? आणि ही स्नेहा पण चुकली माझ्यामागं..."

म्हातारा हळूच म्हणाला, "पोरी, तुज्यामागं कोनी दिसत नाय."

बाई मात्र ज्योत्स्नाच्या खांद्यावरून मागे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते. "आली," ती म्हणाली. "रावजीबाबा, आली ओ आपली झुंबर."

"मागं पाहू नको," म्हातारा घाईनं म्हणाला. "घाबरू बी नको. ती काय नाय करायची तुला. ही चिमणाबाई, तिची आई. झुंबर गेल्या छाटणीला द्राक्षबागेत गेलती कामाला. तापानं तिकडंच गेली, परक्या गावात. आमच्या पाड्यात असं कोनी भाईर गेलं, का त्याचा कपडा फाडून मोठ्या वाटेपासून दारापोत बांधत्यात. घर सापडावं म्हून. पन ती एकली येत नाय. कोनाच्या तरी पाठीमागं येते. गाय असंल, कुत्रं असंल, मानूस असंल. तवर आमी कोनी वाटंवर जात नाय."

"पण चिंध्या तर आमच्या शर्यतीच्या..."

"तुमच्या लोकांनी लाल बांधलंय ते पाह्यलं आमी. पन तिचा फ्रॉकच लाल. काय करनार?"

"आता काय करायचं असतं?" ज्योत्स्नाचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"तिला घेऊन आत यायचं," चिमणाबाई म्हणाली. "दोन घास खायचे. मंग ती ऱ्हाते घरी. ये ना, बाई."

आणि नेमकी तेव्हाच खालून शिट्टी ऐकू आली. मुली आल्या की वळणावरचे पंच वाजवायचे, तीच शिट्टी! म्हणजे बाकीच्या मुली आत्ता कुठे तिथे पोचत होत्या. घराच्या बाजूनं एक पायवाट सरळ खाली उतरत होती. अजून जमलं असतं. अजून!

"मला जायलाच पाहिजे," ती म्हणाली. "सॉरी. खरंच सॉरी!" आणि तिनं उतारावर झोकून दिलं.

मागून चिमणाबाईची हाक आली, "झुंबरे, नको गं जाऊ!"

हाक ज्योत्स्नाला नव्हती. ज्योत्स्नाच्या पाठोपाठ पुन्हा पावलं निघाली होती, चप्, चप्, घराकडे पाठ करून.

उताराच्या कडेला धुकं जरा फाटलं. खाली शर्यतीची वाट दिसली, साध्या लाल चिंध्यांची. पहिल्या तिघी पुढे निघून गेल्या होत्या. चौथी येत होती स्नेहा, लालभडक तोंडानं, कमरेवर हात ठेवून, अनवाणी. दमली होती बिचारी. ज्योत्स्नानं चार उड्या मारल्या असत्या तर तिच्यापुढे निघून गेली असती, आणि उरलेलं अंतर तर उताराचंच होतं. चौथा नंबर. राज्याचा संघ. बूट पायातच.

पाठीमागे पावलं थांबून वाट बघत होती. बिनतक्रार. जिकडे नेशील तिकडे येते, अशी.

ही माझ्यामागून नाशिक रोडला येईल, ज्योत्स्नाला वाटलं. आमच्या कॉलनीत, आमच्या जिन्यात. पण खरं सांगायचं तर तिला भीतीपेक्षा ती हाक छळत होती. आपल्यालाही आई अशीच हाक मारते, दिवेलागणीला, गॅलरीतून.

स्नेहा खालून निघून गेली.

"चल गं," ज्योत्स्ना मोठ्यानं म्हणाली. "डोकं फिरलंय माझं, पण चल."

मागे न बघता मागे कसं फिरायचं? तिनं डोळे घट्ट मिटले आणि जागच्या जागी वळली. वळताना दंडाला काहीतरी ओलं, गार लागून गेलं, भिजलेल्या कापडासारखं. तिनं किंकाळी घशातच दाबली. मग डोळे उघडले आणि चढ चढायला लागली. आता ती पळत नव्हती. शेजारणीबरोबर शाळेत जावं तसं चालत होती. पावलं मागून येत होती.

चिमणाबाई दारातच उभी होती. ती बाजूला झाली. एका जणीला जागा लागते त्याहून थोडी जास्तच झाली. आत चुलीचा उजेड होता. सारवलेल्या जमिनीवर दोन ताटं मांडलेली होती, नागलीची भाकर, उडदाचं आमटीसारखं काहीतरी आणि मीठ. ज्योत्स्नानं बूट उंबऱ्याबाहेर काढले आणि एका ताटावर बसली. शेजारच्या ताटासमोर जमिनीवर पाण्याचे दोन डाग उमटले, पावलांएवढे, मग वाढेनासे झाले.

चिमणाबाईनं त्या ताटासमोर बसून हवेतच हात फिरवला, केसांवरून फिरवावा तसा. "किती वाळलीस गं," ती म्हणाली.

खालून दरीतून लाउडस्पीकर खरखरला. पहिली कुणीतरी सिन्नरची, दुसरी, तिसरी. मग, "चौथा क्रमांक, स्नेहा..." आणि टाळ्या. पुढे यादव सरांचा आवाज आला, वैतागलेला आणि घाबरलेला. "पगारे! ज्योत्स्ना पगारे, कुठं असशील तिथून खाली ये!"

"तुलाच बोलवत्यात का?" रावजीबाबांनी विचारलं.

"हो," ज्योत्स्ना म्हणाली. तिनं पाण्याचा घोट घेतला. "जेवून जाते."

बाबांना काय सांगायचं ते तिला अजिबात सुचत नव्हतं. तिनं भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.