यंत्राचा वाटा

मित्रांनो, मी एक जुना सँडविच टोस्टर आहे. बिजागर मोडलंय, झाकण तारेने बांधलंय आणि मुक्काम लोखंडी कपाटाच्या तळाच्या कप्प्यात, फाटक्या फायलींशेजारी. स्वतःचं कौतुक सांगायला मी तोंड उघडलेलं नाही. मला राग आलाय, म्हणून बोलतोय.

कारखान्याने मला पावाचे त्रिकोण भाजायला घडवलं. माराकाइबो शहरात नेरेइदाच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो. पुढे तिचा नवरा कामासाठी परदेशी गेला तो गेलाच. पाव महागला, घरी गॅसची टाकी मिळेना. मग एके दिवशी तिने मला पिशवीत कोंबलं आणि आपल्या कचेरीत नेलं. शहराला पाणी पुरवणारी कचेरी. नळाला पाणी आलं नाही की लोक तिथे भांडायला यायचे, आणि नळाला पाणी बहुधा नसायचंच. वीज मात्र कचेरीत फुकट होती. असायची तेव्हा.

मंडळी घरून मक्याच्या पिठाचे मळलेले गोळे आणायची. अरेपा ही त्यांची भाकरी, जाड आणि गोल. माझ्या साच्यात ती गोल कशी राहणार? पहिल्या दिवशी नेरेइदाने झाकण उघडलं आणि शेजारच्या टेबलावरचा आलिरिओ ओरडलाच, "अरे देवा, अरेप्याला कोपरे फुटले! माझी आजी असती तर तुला पोलिसात दिलं असतं, नेरेइदा."

"नको असेल तर ठेव खाली."

"नको कोण म्हणतंय? पोटात गेले की कोपरेही गोल होतात."

पुढे मी काय काय नाही भाजलं? अंडी, चीज, पिकल्या केळ्याच्या चकत्या. आलिरिओने तर एकदा माझ्यावर शर्टाची कॉलर दाबून इस्त्री केली आणि दिवसभर चीजचा वास मिरवत हिंडला. हसण्याचे ते दिवस होते, हेही मी सांगितलं पाहिजे.

लोकांच्या तक्रारी घ्यायच्या खिडकीवर हेबेर्तोकाका बसायचे. बायको वारलेली, मुलं सीमेपलीकडे. त्यांचा डबा रोज टेबलावर असायचा आणि कधीच उघडायचा नाही. एकदा पुसताना नेरेइदाने तो उचलला. रिकामा होता. तिने तो पुसून होता तिथेच ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, "या टोस्टरला पहिला अरेपा करपवायची खोड आहे. तेव्हा पहिला यंत्राचा. प्रत्येकाने आपल्या पिठातून एकेक चिमटी काढा."

सगळ्यांनी काढली. का, असं कुणी विचारलं नाही. चिमट्या एकत्र मळून पहिला अरेपा भाजला गेला, आणि नेरेइदा मोठ्याने म्हणाली, "काका, हा करपलाय. जाता जाता टाकून द्याल?"

"दे पोरी, देतो टाकून."

ते कपाटामागे जायचे. सगळी कचेरी तेवढा वेळ खाली मान घालून कामाचं सोंग करायची. रोज. मित्रांनो, मी तो पहिला अरेपा कधीही करपवला नाही. माझ्या आयुष्यात अभिमानाची गोष्ट तेवढीच.

मग बार्बोसासाहेब बदली होऊन आले. त्यांच्या खोलीत गार हवेचं यंत्र बसलं. ते आणि मी एकाच वेळी चालू झालो की फ्यूज उडायचा. दोघांपैकी एकाला गप्प बसवणं भाग होतं, आणि कुणाला ते तुम्ही ओळखलंच असेल. भिंतीवर कागद लागला : कचेरी हे स्वयंपाकघर नव्हे.

नेरेइदा त्यांच्या दारात उभी राहिली. "साहेब, अर्धा तास तुमचं यंत्र बंद ठेवाल का?"

"आणि मी घाम पुसत बसू? घरून भाजून आणा की. त्यात अडचण काय आहे?"

अडचण काय आहे ते सांगायचं तर काकांची अब्रू दारातच उघडी पडली असती. ती मागे फिरली. मला कपाटात ढकललं गेलं.

आता सगळे घरी लाकडं पेटवून भाजलेले अरेपे आणू लागले. भाजलेल्या भाकरीतून चिमटी निघत नाही, तुकडा निघतो. आणि तुकडा द्यायचा तर हात पुढे करून द्यावा लागतो. अंधारात मी ते ऐकलं.

"काका, अर्धा घ्या ना. मला जास्त होतोय."

"नको पोरी, घरून दाबून आलोय."

"घ्या हो काका," आलिरिओने नेहमीसारखी गंमत केली, "नवरीसारखं लाजताय काय?"

"मी भिकारी दिसतो का रे तुला?"

डब्यांची झाकणं पटापट लागली. त्यानंतर कुणीही त्यांना काहीही दिलं नाही. वाईट माणसं नव्हती ती. घाबरली होती. पण भुकेला त्याचं काय?

एका सकाळी खिडकीवर एक बाई पाण्यासाठी तडतडत होती. काका म्हणाले, "बाई, जरा दमानं घ्या," आणि खुर्चीसकट कोसळले. त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. त्याच आठवड्यात ते गेले. हृदय, म्हणे. सगळं हृदयावर ढकलता येतं.

टेबल आवरताना काकांचा डबा रिकामा निघाला. बार्बोसासाहेब कपाटाजवळ उभे राहून हळहळले, "इतके हाल होते तर एकदा सांगायचं नाही का त्यांनी?"

नेरेइदा सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमचं यंत्र चालू होतं, साहेब. त्या आवाजात ऐकू आलं नसतं."

महिनाअखेर तिची बदली झाली. मला न्यायला ती आली नाही. माझ्यावर आता गंज चढतोय, आणि पलीकडच्या खोलीत ते यंत्र घरघरतंय.

मित्रांनो, वस्तू जपा, तारा तपासा, हे तुम्हाला शाळेत शिकवतीलच. मला एवढंच मागायचंय. भुकेल्यासमोर अन्न ठेवताना बेधडक खोटं बोला. करपलंय म्हणा, उरलंय म्हणा, आणि तोंड फिरवून बसा. "जेवलात का?" असं चारचौघांत विचारू नका. तो "हो" म्हणेल. आणि तुम्ही ते खरं मानून जेवायला बसाल.