आत्याच्या खुणा

ठकी ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. ‘आजचा सामाजिक प्रश्न’ घेऊन पोस्टरं करा, असं सरांनी सांगितलं होतं. महिनाभर तिनं डोकं खाजवलं. पण काखेत कळसा म्हणतात ना, तसं झालं. तिचा विषय घरातच होता.

आई गेल्यापासून ठकीला वाढवलं ते आत्यानं. आत्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं रुग्णांची ताटं लावत होती आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. हे घराबाहेर कुणालाही माहीत नव्हतं. रोज सकाळी ती चष्मा पुसत म्हणायची, “वाच गं जरा यादी, डोळे चुरचुरतायत.” कुणीतरी वाचायचं आणि आत्या झाकणांवर खडूनं खुणा करायची. साखर नको, तर आडवी रेघ मारलेली मुंगी. पातळ हवं, तर थेंब. बायका म्हणायच्या, काय बाई हौस!

ठकीनं त्या खुणा मोठ्या करून आठ पोस्टरं केली. खाली एकच ओळ : ‘ही चित्रं काढणारीला वाचता येत नाही.’ नाव कुठंच नव्हतं. आत्याला विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे ठकीला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही.

पहिलं बक्षीस मिळालं. पोस्टरं शहराच्या बसस्थानकात लागली. तिसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या एकीनं ती मुंगी ओळखली. आठवडा संपायच्या आत आत्याला ताटांवरून काढून भांडी घासायला लावलं.

ठकी धावत स्वयंपाकघराच्या मुख्य बाईंकडे गेली. “बावीस वर्षांत एक तरी ताट चुकलं का हो?”

“एकही नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं. “पण आता मला कळलंय ना. उद्या काही झालं तर मान माझी अडकेल.”

घरी आत्या सुरकुतलेल्या बोटांना तेल चोळत बसली होती.

“आत्या, माझं चुकलं.”

“मी पाहिली गं ती चित्रं,” आत्या म्हणाली. “आधी वाटलं, अगंबाई, माझी मुंगी इथं कशी? आनंदच झाला. वाटलं, पोरीनं माझं कौतुक केलंय. मग खाली काय लिहिलंय, ते शेजारी उभ्या असलेल्या बाईला विचारलं. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं.”

ठकी म्हणाली, “मी शिकवू का तुला वाचायला?”

“आता कशाला? भांड्यांवर काही लिहिलेलं नसतं.” आत्या हे रागानं बोलली नाही, आणि तेच ठकीला सोसेना.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः जाऊन आठही पोस्टरं उतरवली. बक्षीसही परत केलं. पण बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत. आत्या पुढची चार वर्षं, निवृत्त होईपर्यंत, भांडीच घासत राहिली. दोघींचं बोलणं-हसणं हळूहळू पूर्वीसारखं झालं. फक्त आत्यानं त्यानंतर कधी कशावर चित्र काढलं नाही. घरातले डबेसुद्धा ती झाकण उघडून, वास घेऊन ओळखायची.