झोळी पेपरला गेली

मी झोळी बोलतेय. भिक्षेकऱ्याच्या खांद्यावरची नव्हे. दोन्ही टोकांना दोर बांधून लेकरू निजवतात, ती.

आधी मी अमीरबीची जाड सुती चादर होते. सोनाळा गावच्या शेतातला वेचलेला कापूस ती माझ्यात बांधायची. पुढं बीटी कपाशीतही बोंडअळी शिरली, बोंडं आतून सडली. त्या साली वेचणीला नेलेली मी घडीची घडी, रिकामीच घरी परतले. तिची सून समीना म्हणाली, "अम्मी, शेताचा आता भरोसा नाही. मी बी.ए. पुरं करते, मास्तरीण होते."

पण ऐन परीक्षेत अलीजा जन्मली आणि शेवटचा पेपर राहिला. माझी झोळी झाली. एका हातानं माझा दोर ओढत समीना वाचायची.

शेजारची चांगुणा टोमणा मारी, "काय वं, लेकरू सांभाळून राह्यली का पुस्तक?"

अमीरबी आतून ओरडे, "दोन्ही! तुले काऊन त्रास होऊन राह्यला?"

वर्षानं पुन्हा पेपर आला. दूधपिती पोर घरी राहीना, म्हणून आम्ही सगळ्याच जळगाव जामोदच्या बसमध्ये बसलो. कॉलेजात जायचं म्हणून अमीरबीनं मला सोड्यात उकळून, आपटून लख्ख धुतलं होतं.

आवारातल्या कडुनिंबाला मला बांधलं. एरवी माझ्यात पडताच डोळे मिटणाऱ्या अलीजानं रडून आवार डोक्यावर घेतलं. घंटा झाली. समीना पायरीवरून मागं फिरली.

"राहू द्या अम्मी. पुढच्या साली देईन."

"पुढच्या साली? हिच्या लग्नात देशील का?" अमीरबीनं मला हुंगलं आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला! तुह्या अंगाचा वासच धुऊन टाकला म्या. दे तुही ओढणी."

"इथं?"

"बुरख्याखाली कोण पाह्यते वं? काढ लवकर!"

समीनानं ओढणी माझ्यात अंथरली आणि ती पेपरला धावली. पोरीनं ओढणीत नाक खुपसलं, दोन हुंदके दिले, झोपली.

पेपर सुटल्यावर समीना हसतच आली. "अम्मी, पुरवणी घेतली!"

"हाव? मंग घे हा दोर. हात गेला माहा."

आता अलीजा घरभर पळते, समीना बी.एड.च्या वर्गात बसते आणि मी फळीवर निवांत आहे. तरी एक सांगते. त्या दिवशी कडुनिंब होता म्हणून निभावलं. लेकुरवाळ्या पोरींचं शिक्षण एका फांदीच्या भरवशावर ठेवू नका. कॉलेजात एक खोली द्या, छताला एक मजबूत कडी ठोका. दोर आम्ही घेऊन येऊ.