मीराबाईचा झेंडू

डिलाईल रोडच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर कमळाबाई आणि मीराबाई शेजारी शेजारी राहत. दोघींच्या घरांनी एकाच दिवशी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. चाळीतल्या बुद्धमूर्तीपुढे पौर्णिमेला फुलं ठेवायची ती कमळाबाईने, असं आपोआप ठरून गेलं होतं. बाजारातून ती पुडी आणायची आणि बायका तिला पुढे बसायला जागा करून द्यायच्या.

मग मीराबाईच्या कठड्यावरच्या डालड्याच्या डब्यांत झेंडू फुलला. त्या पौर्णिमेला तिने ती फुलं मूर्तीपुढे ठेवली आणि कमळाबाईच्या पुडीकडे कुणी पाहिलंच नाही. त्यात भर म्हणून कमळाबाईचा नवरा बुधाजी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत पाहुण्यांना घालायच्या हारासाठी मीराबाईकडेच फुलं मागायला गेला.

"असा टपोरा झेंडू बाजारात बी मिळत न्हाय," तो घरात येऊन म्हणाला.

भाकरी थापता थापता कमळाबाईने ती मधेच फाडली.

चार दिवस धुसफुसून शेवटी झेंडू कसा लावायचा ते विचारायला तीच शेजारी गेली. मीराबाई वयाने लहान; तिने बियांसाठी वाळलेलं फूल हातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं.

"माती चाळून घ्या, ताई. खडे नकोत. तबेल्यातलं शेण घ्या, पण जुनं, कुजून भुगा झालेलं. थोडी रेती. डब्याच्या बुडाला भोकं पाडा. बी वरच पसरायचं, त्यावर नखभर माती भुरभुरायची. दाबायची नाही. पाणी हाताने शिंपडायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

कमळाबाईचा विश्वास बसेना. ज्या फुलांनी एवढा मान मिळाला, त्यांची युक्ती कुणी अशी उघड सांगतं का? जुनं शेण म्हणाली, म्हणजे स्वतः ताजंच घालत असणार. तिने अर्धं फूल चुरून बी काढलं, ताज्या शेणात माती कालवली, बी बोटाने खोल खुपसलं, वरून तळव्याने दाबलं आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी ओतलं.

काही उगवलं नाही. मातीवर पांढरी बुरशी आली. पलीकडे मीराबाईचा नवा डबा हिरवागार झाला. तो बघायला लागू नये म्हणून कमळाबाई कठड्याकडे पाठ करून तांदूळ निवडू लागली.

एक दिवस नळावर बायकांनी पुन्हा त्या रोपांचं कौतुक काढलं आणि तिचा तोल गेला.

"मला बी भाजून दिलंस तू, मीरा! माझं उगवू नये म्हणून!"

मीराबाईचा चेहरा पडला. भरत आलेली कळशी तशीच टाकून ती वर आली आणि मागोमाग आलेल्या कमळाबाईसमोर तिने तिचा डबा गोणपाटावर उलटा केला. शेणाचा उग्र वास सुटला. तिने ढेकूळ फोडलं. पार तळाशी बिया काळ्या पडल्या होत्या. एकीला पांढरा कोंब फुटला होता. वर यायला वाट न मिळाल्याने तो वाकडा होऊन सडला होता. मीराबाईने तो तळहातावर घेऊन पुढे धरला.

"भाजलेल्या बीला कोंब येतो का, ताई?"

कमळाबाई गोणपाटावर सांडलेली माती हाताने गोळा करू लागली.

"मी सांगितलं तसं का केलं नाही?"

"तू खरं सांगशील असं वाटलं नाही."

मीराबाईने हात झटकले आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

उरलेलं अर्धं फूल कमळाबाईने ऐकलं होतं अगदी तसं पेरलं. आठवडा व्हायच्या आत मातीतून हिरवी टोकं वर आली. ती शेजारच्या दाराशी गेली. "मीरा, चुकलं माझं. जरा बघायला ये."

मीराबाई लगेच आली नाही. आली तेव्हा खाली वाकून तिने रोपांवरून बोट फिरवलं. "दाट झालीत. निम्मी उपटा, नाहीतर एकही धड वाढायचं नाही."

निम्मी! माझी निम्मी, आणि तुझा डबा भरलेला? कमळाबाईच्या मनात आलंच. तरी ती खाली बसून एकेक रोप उपटू लागली.

"टाकू नका, मला द्या," मीराबाई म्हणाली. "दुसऱ्या डब्यात लावते."

कमळाबाईने दिली. दोन जोमदार होती, ती तेवढी पदराआड ठेवून घेतली.