मजुरीतली डाळ

"बाई, थे लाखोळी रोज कोनाच्या पोटात जाऊ देऊ नोका. मानसाचे पाय जाते," गोजराबाई मला म्हणाली होती. वाशीमच्या आमच्या दालमिलमध्ये ती पाखडायला यायची. मला हसू आलं. "आजी, पायांचा अन् डाळीचा काय संबंध?"

"कालेजात शिकवलं नसन," ती म्हणाली अन् सूप उचलून निघून गेली.

कॉलेजात मी नीतिशास्त्र शिकले होते. म्हणूनच एकदा जेवताना यांनी मला विचारलं, तुरीच्या डाळीत चौथा हिस्सा लाखोळी, म्हणजे लाखेची स्वस्त डाळ, मिसळली तर वाईट का? "कायद्यात मनाई नाही. डाळ स्वस्त होईल, गरीब खातील. तुझी पुस्तकं काय म्हणतात?"

नवी नवरी होते. विचारलं याचाच आनंद. ज्यानं जास्तीत जास्त लोकांचं भलं होतं ते कृत्य चांगलं, असं मी ऐटीत सांगून टाकलं. दुसरं मतही पाठ होतं: माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये, त्याला अंधारात ठेवून तर नाहीच. ते सांगितलं नाही. वरण थंड होत होतं.

मिसळणं सुरू झालं. गिऱ्हाइकांच्या ताटात लाखोळी थोडी थोडीच जायची. पण पाखडणाऱ्या बायांना मजुरी म्हणून निव्वळ लाखोळीच मिळे. त्या माझ्या ध्यानातही आल्या नव्हत्या.

जिजाबाई त्यांतलीच. इंझोरीची, माझ्याच वयाची. तिची बेबी अन् माझी ललिता एकाच महिन्यातल्या. दुपारी दोघींना शेजारी निजवून ती मला चिडवायची, "तुमचीले हात लावाले भेव वाटते, बाई. लोन्याची हाय का?" ललितासाठी मी निवडक तूर वेगळ्या डब्यात ठेवत असे. जिजाबाईनं तो पाहिला होता.

होळीनंतर ती चवड्यांवर चालू लागली. गुडघ्याला गुडघा घासायचा. "काहून वं, नाचून राह्यली का?" बाया हसल्या, तीही हसली. मग एक दिवस भरल्या सुपासकट पडली, अन् तिला उठताच येईना.

यांनी इंझोरीला जायला बैलगाडी करून दिली, वर अर्धं पोतं लाखोळी. मनापासून दिली. "घरी बसून खाय, बरी झाली का ये." तिनं हात जोडले. मला गोजराबाईचं बोलणं आठवलं. ललिताला कडेवर घेऊन मी दारातच उभी होते. चारचौघांत यांचा शब्द कसा खोडायचा, म्हणून गप्प राहिले.

पुढे ललिताला तपासायला डॉक्टर आले, तेव्हा त्यांना जिजाबाईच्या पायांचं अन् लाखोळीचं विचारलं. "गेलेली ताकद येत नाही. खाणं थांबवलं तर उरलेली टिकते."

यांना सांगितलं. "एका बाईपायी हजार घरांची स्वस्त डाळ बंद करू?" हे म्हणाले. मीच शिकवलेलं होतं ते.

जिजाबाईला दोन कार्डं टाकली. तिला वाचता येत नाही, उत्तर नाही. माझे पुन्हा दिवस भरत आलेत, घरचे मोटारीत बसू देत नाहीत.

हे वाचून तुम्ही कधी पोहरादेवीच्या यात्रेला जाल, तर थोडी वाकडी वाट करून इंझोरीला जा. बेबीची माय जिजाबाई, म्हणून घर विचारा. चुलीवर काय शिजतंय ते बघा. लाखोळी असेल तर उतरवायला लावा, माझं नाव सांगा. अन् बेबी आता चालू लागली असेल. ती पाऊल पुरतं टेकवते का, तेवढं मला कळवा.