डोंग्यावरचं नाव

न्हाणीच्या फरशीवर साबण पडला. थप्प! दुपारच्या गप्प घरात तो आवाज उगाच मोठा वाटला.

सुपातले तांदूळ निवडता निवडता पुनमने हाक मारली, “अवं स्मेली, किती येळ धुशीन हात? साबण का खाऊन राह्यली?”

पुन्हा पाणी, पुन्हा घासणं. पुनम उठून पाहते तर सात वर्षांची रोशनी भांड्यांच्या घासणीने कोपरापर्यंत हात घासत होती. कातडी लालबुंद झालेली!

“काय करून राह्यली व बाई तू?”

रोशनी वर न बघताच म्हणाली, “आई, मले त्या नावानं नोको बलावू.”

त्या नावानं? ते तर घरातलं सगळ्यात लाडकं नाव! शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा फाटकाशी चार पोरींनी “बाय स्मेली!” म्हणत हात हलवले होते. हसत होत्या बिचाऱ्या. पुनमने अर्थ विचारला, तर रोशनी जरा वेळ बुटांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “स्मेली म्हणजे हसरी.” सातवी शिकलेल्या पुनमला ते पटलं. मोबाइलमधल्या पिवळ्या हसऱ्या तोंडाला असंच काहीतरी म्हणतात, हे तिने ऐकलं होतं. लेकीला इंग्रजी शाळेत इंग्रजी नाव मिळालं! पेढे वाटावेत तसं तिने ते मोहल्लाभर सांगितलं. नवरा देवानंद तलावात मासे धरायचा. त्याने तर दाराच्या उरलेल्या पांढऱ्या रंगाने आपल्या लहान होडीवर, डोंग्यावर, नाव काढलं. ‘स्मेली’. वर एक फूलसुद्धा.

साबणाच्या त्या दुपारीच नणंद दीपिका आली. गडचिरोलीच्या एका दवाखान्यात ती नर्स होती. तलावाच्या पाळीवरून येताना तिने डोंगा पाहिला होता. आल्या आल्या तिने भाचीच्या हातांना खोबरेल लावलं. मग हळूच विचारलं, “वहिनी, डोंग्यावर थे कोणं लिवलं?”

“तुह्या भावानं. मस्त हाये न?”

“स्मेली म्हणजे हसरी नाई व वहिनी. ज्याच्या अंगाचा घाण वास येते, त्याले म्हणतेत.”

पुनम हसली. तिला थट्टा वाटली. मग तिने लेकीकडे पाहिलं. रोशनीची मान खाली होती.

तिला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं! आईला वाईट वाटू नये म्हणून त्या एवढ्याशा जिवाने ‘हसरी’ हा अर्थ रचला होता. आणि मग आईबापाच्या तोंडून रोज तीच शिवी ऐकून रोज “ओ” दिली होती.

पुनम ताडकन उठली. “आजपासून घरात मासे नाई! हिच्या बापानं शाळेत सोडाले जाचं नाई! वासाचा साबण आणतो मी, महागातला!”

“म्हंजे त्या पोरी बोलल्या थे खरंच, असं न?” दीपिका म्हणाली. “माह्या हाताले फिनेलचा वास येते, दादाच्या हाताले तलावाचा. काम करणाऱ्याच्या हाताले वास राह्यतेच. थे सोड. मले सांग, त्या पोरी मराठीत बोलल्या असत्या तं तू का केलं असतं?”

“झिंज्या उपटल्या असत्या!”

“अन् इंग्रजीत बोलल्या तं डोंग्यावर लिवलं! इंग्रजीत आली का शिवी बी गोड लागते आपल्याले. आपण घेतो बी, अन् देतो बी. शेजारच्या सोमारीच्या पोराले तू ‘डल’ म्हणते न?”

“शाळेतली मॅडम म्हणते त्याले, म्हणून…”

“मठ्ठ म्हणतेत त्याले. म्हणशीन त्याच्या मायच्या तोंडावर, मठ्ठ?”

सोमारीच्या तोंडावर तर पुनम कितीदा ‘डल’ म्हणाली होती. सोमारी मान डोलवून हसायची. तिलाही कुठे कळत होतं!

संध्याकाळी देवानंदने “खा व माह्या स्मेली” म्हणत लेकीला घास भरवला. खरा अर्थ सांगायचा सोडून पुनम त्याच्या ताटात भात वाढत राहिली.

सोमवारी ती रोशनीला घेऊन शाळेत गेली. सगळं ऐकून मॅडम समजुतीने म्हणाल्या, “अहो, मुलं गमतीनं म्हणतात. एवढं मनावर नका घेऊ.”

“गंमतच हाये न मॅडम? मंग तोच शब्द माह्या पोरीकडे पाहून मराठीत म्हणून दाखवा एकडाव!”

मॅडमनी तोंड उघडलं. समोर रोशनी उभी होती, सोललेले हात पाठीमागे लपवून. मॅडमच्या ओठांवर शब्द आला आणि तिथेच थांबला.

“नाही म्हणवत,” त्या शेवटी म्हणाल्या. त्यांनी खाली बसून ते हात पुढे ओढले, आणि बराच वेळ सोडले नाहीत. मग वर्गात जाऊन त्यांनी पोरांना सांगितलं, “आपल्या भाषेत तोंडावर बोलवत नाही, तो शब्द इंग्रजीतही बोलायचा नाही. माझाही ‘डल’ आजपासून बंद.”

परतताना पुनम आधी सोमारीकडे गेली. ‘डल’चा अर्थ सांगितला, माफी मागितली. सोमारी पोराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

वाचकहो, शिवीला इंग्रजी झगा घातला म्हणून ती शिवी राहत नाही का? ‘डल’, ‘स्लो’, ‘बॅकवर्ड’… आपल्याही घरात हे शब्द सुखाने नांदतात. लेकराला चिकटवण्याआधी तो शब्द एकदा आपल्या बोलीत, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणून पाहा. जीभ अडखळली, तर गिळून टाका. डोंग्यावरचा रंग खरवडता येतो. लेकराच्या मनावरचा येत नाही.

त्याच संध्याकाळी पाळीवरून देवानंदची हाक आली, “अवं माह्या स्मेली! पाय, तुह्यासाठी झिंगे आणले!”

रोशनीने आईचा पदर धरला आणि अगदी हळू विचारलं, “आई, बाबाले सांगाचं का? का बाबाजोळ ‘हसरी’च राहू देवाचं?”