चल गो, घरी चल

रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाला रत्नागिरी बघायची असेल तर घरी पाहुणे यावे लागतात. आमच्या पेठकिल्ल्यातली निम्मी माणसं जन्मभर गडाच्या पायथ्याशी राहतात आणि वर जातात ती फक्त नवरात्रात, भगवतीच्या दर्शनाला. मी त्यांतलीच. शेजारची गुणवंती मात्र तशी नव्हती. पाहुणे म्हणजे तिचा जीव की प्राण. मुंबईचे नातेवाईक गणपतीपुळ्याला म्हणून यायचे आणि परतताना तिच्याकडे टेकायचे. टेकले की तिच्या तावडीत सापडलेच म्हणून समजा.

आधी थिबा राजवाडा. तिथल्या गच्चीत उभी राहून ती सांगायची, "ब्रह्मदेशचा राजा हितं बसून रोज समुद्राकडं बगायचा. बोटी यायच्या नि जायच्या. त्याला न्यायला म्हणून एक नाय आली." आणि दर वेळी पदरानं डोळे पुसायची. राजा जसा काही तिचा मावसभाऊच. मग गड. गडाच्या दरवाजात, "डोकं सांभाळा हां, राजे ठेंगणे होते." कुठले राजे, देव जाणे! इतिहास तिच्या मर्जीनं चालायचा. शेवटी सगळ्यांना बुरुजावर बसवायची आणि पदराच्या गाठीतून मीठ लावलेली कैरीची फोड एकेकाच्या हातावर ठेवायची. ती चोखत समुद्र बघायचा, की झाली रत्नागिरी बघून.

तिचा नवरा गंगाराम मिरकरवाड्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बोलायला महाकंजूष. जे पान्यानं उघडत नाही ते खरं नाही, असं त्याचं एकंदर मत. पण बायकोवर जीव होता. ती पाहुणे घेऊन गेली की हा ओट्यावर बसून बिडी विझवायचा, पुन्हा पेटवायचा, आणि ती वळणावर दिसली की काहीच न झाल्यासारखा आत जायचा.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात, भर उन्हात, गुणवंती पाहुणे घेऊन वर गेली. बुरुजावर तिला दम लागला. अंगानं जड, त्यात गुडघा धरलेला. "तुम्ही भुयार बगून या, मी हितं बसत्ये," असं म्हणून ती बसली. पाहुणे बघून आले तेव्हाही ती बसलेलीच होती. फक्त संपली होती. चादरीच्या झोळीतून तिला खाली आणली.

आमच्या आळीची एक रीत आहे. माणूस घराबाहेर मेलं, तर त्या जागेवर जाऊन नारळ ठेवायचा, त्याला हाक मारून घरी चल म्हणायचं आणि मागं न बघता घरी यायचं. नाहीतर जीव तिथंच बसून राहतो. आळीतली सगळ्यात म्हातारी येसूबाई बाराव्याच्या आत दोनदा सांगून गेली. गंगारामनं ऐकलं नाही. "असली थेरं माझ्याकडं चालायची नायत," म्हणाला. मला त्याचा राग आला होता. बायको गेलेल्या माणसावर रागावता येत नाही, म्हणून गिळला.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरात, गंगारामच्या मालकाचे कोणी लांबचे नातेवाईक कोल्हापूरहून आले. नवरा-बायको, तरुण जोडपं. गुणवंती कोण, ती कधी गेली, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. मालकानं गंगारामला सांगितलं होतं, गड दाखव. हा कुठला दाखवतोय! त्या दिवसापासून त्यानं गडाकडं मान वर करून पाहिलं नव्हतं. "वाट सरळ हाय, जावा नि बगून या," एवढं बोलून त्यानं त्यांना वाटेला लावलं. त्यांना मागाहून चहाला बोलावलं होतं, म्हणून त्याच्या चुलीपुढं मी बसले होते.

संध्याकाळी दोघं हसत खेळत आली. बाई म्हणाली, "आम्हाला वाटलं आपलं आपणच फिरायचं. पण दरवाज्यातच त्या काकू भेटल्या. किती गोड हो! डोकं सांभाळा म्हणे, राजे ठेंगणे होते."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. बाईनं मूठ उघडली. आत कैरीची हिरवीगार फोड, मीठ लावलेली. नोव्हेंबर महिना! रत्नागिरीत अजून कुठल्या कलमाला मोहोरसुद्धा आला नव्हता.

"आणि निरोप दिलाय त्यांनी," ती म्हणाली. "खाली इंजिनवाले राहतात, त्यांना सांगा, न्यायला या."

पाहुणे गेल्यावर गंगाराम कितीतरी वेळ त्या फोडीकडं बघत बसला. मग तोंडात घातली. खाता खाता रडायला लागला. मोठा माणूस असा रडताना बघवत नाही. मी पाठ केली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना आम्ही दोघं नारळ घेऊन गडावर गेलो. सोबत बाईमाणूस असावं असं येसूबाई म्हणाली होती आणि तिच्यानं काही चढवत नव्हतं. बुरुजावर वारा होता. ती बसली होती त्या दगडावर गंगारामनं नारळ ठेवला, हात जोडले आणि समुद्राकडं तोंड करून म्हणाला, "चल गो, घरी चल. न्यायला आलोय."

इतकंच. त्यापेक्षा जास्त तो बोललाच नसता. आम्ही वळलो.

दरवाजापर्यंत काही नव्हतं. पायऱ्या उतरायला लागलो आणि मागं पावलं वाजली. तरी मान वळवली नाही. पावलं हलकी होती, भराभर उतरत होती, जवळजवळ धावत. गुणवंती तर दर चार पायऱ्यांवर थांबायची, माझ्या नावानं, देवाच्या नावानं, गड बांधणाऱ्याच्या नावानं ओरडायची. मी मनात म्हटलं, मेल्यावर गुडघे दुखत नसतील. एवढंच मला सुचलं. अक्कल गहाण टाकली होती म्हणा ना.

त्यानंतर गंगारामचं घर बदललं. हा कामावरून यायच्या आत दिवा लागलेला असायचा. अंगण झाडलेलं असायचं. तो दोन कप चहा करायचा, दोन पानं वाढायचा. मी विचारलं, "भावजी, भीती नाय वाटत?" तर म्हणाला, "माझ्याच बायकोची कसली भीती, वयनी?" त्याच्या अंगावर मांस चढलं. संध्याकाळी बोलायचासुद्धा. जिवंतपणी गुणवंतीशी बोलला नसेल तेवढं त्या रिकाम्या पाटाशी बोलायचा.

एक गोष्ट मला खटकायची. पानातला भात जायचा, मासा तसाच राहायचा. बांगड्यासाठी जीव टाकणारी गुणवंती! आणि खिडकीपाशी समुद्राकडं तोंड करून कोणीतरी तासन् तास बसल्यासारखं वाटायचं. गुणवंती जन्मात कधी अशी बसली नव्हती. पण तो इतका सुखात होता की माझ्यानं बोलवेना.

मे महिन्यात गुणवंतीची भाची राही मुंबईहून आली, नवं लग्न झालेली. मावशीनं दाखवला असता तो गड नवऱ्याला दाखवायचा, असं म्हणून दोघं गेली. मी आमच्या अंगणात आमसुलं वाळत घालत होते. तर राही एकटीच धावत खाली आली, चपला हातात, तोंड पांढरंफटक.

"मावशी बुरुजावर बसलीय," ती म्हणाली. "मला बघून म्हणाली, 'काय गो राही, हे अजून न्यायला आले नायत ते?'"

गंगाराम ओट्यावर होता. "असं कसं व्हईल?" तो म्हणाला. "मी तिला कधीच घेऊन आलोय. घरात हाय ती."

तेवढ्यात आत, स्वयंपाकघरात, पितळी भांडं पडल्याचा आवाज झाला. घरात कोणी नव्हतं. भांडं गोल फिरत फिरत शांत झालं, ते आम्ही तिघांनी ऐकलं.

येसूबाईला बोलावून आणली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि गंगारामला विचारलं, "हाक मारलीस ती काय म्हणून मारलीस?"

"चल गो म्हटलं. घरी चल."

"नाव घेतलंस?"

गंगारामनं मान खाली घातली. येसूबाई माझ्याकडं वळली. "तू होतीस ना गो? तुझ्या ध्यानात नाय आलं?"

नाही आलं. कसं येणार? आमच्याकडं कुठला पुरुष बायकोला नावानं हाक मारतो? 'गो' म्हटलं, 'ऐकलंस काय' म्हटलं की झालं. मला स्वतःला लग्न झाल्यापासून घरात कोणी नावानं हाक मारलेली नाही. मला ती हाक अगदी बरोबर वाटली होती.

"अरे, केवढा जुना गड तो," येसूबाई म्हणाली. "किती बायका तितं संपल्या असतील, ज्यांना न्यायला कोण गेलं नाय. तू नुस्तं 'चल गो' म्हणालास. तुझी गुडग्यावर हात ठेवून उठेपर्यंत दुसरी धावत आली."

राही रडायला लागली. मला ती पायऱ्यांवरची धावती पावलं आठवली. केवढी घाई होती त्या पावलांना.

गंगाराम तसाच उठला. मी मागोमाग. बुरुजावर राहीचा नवरा बिचारा बायको कुठं गेली म्हणून शोधत फिरत होता, मुंबईची आणखी चार माणसं फोटो काढत होती. त्या सगळ्यांसमोर गंगारामनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. इतक्या वर्षांची सवय. कान लाल झाले होते त्याचे. मग डोळे मिटून तो ओरडला, "गुणवंती! घरी चल, गुणवंती!"

फोटोवाली माणसं वळून बघायला लागली. आम्ही निघालो.

या वेळी पावलं दरवाजातच सुरू झाली. जड, एक पाय ओढत. दर चार पायऱ्यांवर थांबत होती. ती थांबली की गंगारामही थांबायचा आणि मागं न बघता म्हणायचा, "सावकाश ये, गुणवंती." सुटल्यासारखं नाव घेत होता. मी पदर तोंडात धरून चालत होते. माझी मैत्रीण होती हो ती. मागं वळून तिला एकदा बघावं असं इतकं वाटत होतं की मान दुखायला लागली.

अंगणाचं फाटक म्हणजे आमचं बेडं, तिथपर्यंत आलो. घरात दिवा लागलेला होता. दारात रांगोळीचे दोन ठिपकेही होते, त्या दुसरीनं काढलेले. मागची पावलं थांबली. गंगारामनं बेडं उघडून धरलं. "ये, गुणवंती, ये." तो विनवत होता. मागं दमलेला श्वास ऐकू येत होता. मग पावलं वळली. तशीच जड, एक पाय ओढत, चढाची वाट धरून परत गेली.

गंगारामनं तिला किती हाका मारल्या! सगळ्या नावानंच. ती थांबली नाही. आपल्या घरात दुसरीनं लावलेला दिवा बघून कुठली बायको आत येईल? मी तरी आले नसते.

दुसरीला धाडून द्यावं, तर येसूबाई म्हणाली, "नाव माहीत असल्याबिगर कशी धाडणार?" आणि ते कोणालाच माहीत नाही. गंगारामनं पाटापुढं बसून विचारलं, हात जोडले, रागावलाही. दुसऱ्या दिवशी दिवा लागलेलाच होता. आता तो कामावरून सुटला की गडावर जातो, गुणवंतीच्या दगडाशेजारी बसतो, पाहुण्यांना राजे ठेंगणे होते म्हणून सांगतो. अंधार पडायच्या आत खाली येतो. वर एक बसलेली, खाली एक बसलेली, आणि हा मधल्या पायऱ्यांवर म्हातारा होत चाललाय.

परवा आमचे हे ओट्यावर बसले होते. मी मागीलदारी मासे साफ करत होते. ह्यांनी नेहमीसारखी हाक मारली, "ऐकलंस काय गो?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या खिडकीतून उत्तर आलं, "ओ."

बारीक आवाज, कोवळ्या बाईचा. गंगाराम घरी नव्हता. हे ओट्यावरून पडता पडता वाचले. मी खवल्यांच्या हातांनी पुढं आले आणि म्हटलं, "पुन्हा मला तशी हाक मारायची नाय. नाव घ्यायचं."

"आता ह्या वयात?"

"आताच."

ह्यांनी इकडं तिकडं पाहिलं. घसा खाकरला. मग हळूच, चोरून काही खाल्ल्यासारखं, म्हणाले, "बकुळा."

मी ओ दिली. शेजारून या वेळी काही आलं नाही. खिडकीत दिवा होता, बसलेली होती ती, आमच्याकडं तोंड करून. मला तिची भीती वाटायला हवी होती. पण वाईटच वाटलं. तिचं नाव घेऊ शकेल असं आता जगात कोणीच उरलेलं नाही.